परक्याचा साधेपणा : व्हेरिअर एल्विन यांची मैकल डोंगरांतील वर्षे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर साधे राहिले, असे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. ‘साधे राहणे’ हा शब्दप्रयोग आपण मोठ्या आदराने उच्चारतो. मात्र त्याचा अर्थ क्वचितच तपासून पाहतो. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यालाही आपण साधा म्हणतो आणि पुष्कळ असून जो थोडक्यात भागवतो त्यालाही साधाच म्हणतो. या दोन माणसांच्या घरांत चूल सारखी दिसेल, अंथरूणही सारखे दिसेल. पण त्यांच्या आयुष्यांचा अर्थ एक नसतो. हा भेद समजून घ्यायचा असेल तर एखाद्या परक्या माणसाकडे पाहावे. जो दूर देशाहून आला, उष्ण कटिबंधातील एका खेड्यात स्वेच्छेने राहिला, आणि ज्याला मनात येईल तेव्हा परत जाण्याची वाट मोकळी होती, अशा माणसाच्या साधेपणाची परीक्षा अधिक कठोरपणे करता येते.

असा एक माणूस आपल्या या जबलपूरच्या पाठीशीच राहून गेला. अमरकंटकला उगम पावून दिंडोरी, मंडला करीत जी नर्मदा आपल्या घाटांवर येते, तिच्या उगमाजवळच्या मैकल डोंगरांत व्हेरिअर एल्विन यांनी वीसएक वर्षे, मधूनमधून खंड पडत, मुक्काम केला. विद्वानांच्या जगात ते मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जातात. आज त्यांच्या ग्रंथांचे विवेचन मी करणार नाही. ते राहिले कसे, आणि तसे राहण्याने त्यांच्या व इतरांच्या पदरात काय पडले, एवढेच सांगणार आहे.

एल्विन यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य व धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत त्यांनी प्रथम श्रेणी मिळवली. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. भारतीय पद्धतीने राहून ख्रिस्तसेवा करावी असा त्या संघाचा संकल्प होता. तेथेच त्यांना शामराव हिवाळे हा मराठी तरुण सहकारी म्हणून लाभला. १९२८ च्या आरंभी एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि शामराव तेथेच मुक्कामाला होते. त्याच महिन्यात दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी येऊन पोहोचले. तो भाग आज दिंडोरी जिल्ह्यात मोडतो. गोंडांमध्ये जाऊन काम करावे, ही सूचना जमनालाल बजाज आणि वल्लभभाई पटेल यांच्याकडून आली होती. दोघांनी तेथे गोंड सेवा मंडळ स्थापले. गावकरी एल्विनना ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणू लागले.

करंजिया हे गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधात येते. पण तेथला उष्ण कटिबंध म्हणजे नारळी-पोफळीचा हिरवा किनारा नव्हे. तेथे सालाची वने आहेत, पौषात कडाक्याची थंडी पडते, वैशाखात ओढे आटतात आणि मृगानंतर चार महिने पाऊस वाटा बुजवून टाकतो. जवळचे रेल्वे स्थानक पेंड्रा रोड. पावसाळ्यात तेथवर जाणे हाच एक प्रवास होऊन बसे. अशा प्रदेशात घर मातीचे आणि बांबूचे असावे, हा गरिबीचा नव्हे, हवामानाचा निर्णय असतो. कुडाच्या भिंतीला मातीचा जाड लेप दिला की दुपारची झळ आत येत नाही आणि रात्रीची ऊब बाहेर जात नाही. गवताने शाकारलेले छप्पर उतरते ठेवले की पाणी धरत नाही. मात्र या घराला दरवर्षी माणसाचे हात लागतात. पावसाळ्यापूर्वी शाकारणी, पावसाळ्यानंतर भिंतींची डागडुजी, आठवड्याला सारवण. आणि वाळवीशी युद्ध तर बारमाही चालू. एल्विन आणि त्यांच्या सोबत्यांनी आपली घरे अशीच बांधली. पुस्तके, कागद आणि टाइपरायटर घेऊन मातीच्या घरात राहणाऱ्याला वाळवी आणि ओल यांचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगायला नको.

साध्या राहणीची पहिली शिकवण येथेच मिळते. साधे घर म्हणजे कमी श्रमाचे घर नव्हे. विटा-सिमेंटच्या घरात आपण श्रम एकदाच पैशाने विकत घेतो. मातीच्या घरात ते दरवर्षी करावे लागतात, आणि एकट्याने ते होत नाहीत. शाकारणीला शेजारी यावे लागतात, म्हणून शेजाऱ्याच्या शाकारणीला आपणही जावे लागते. खेड्यातील साधेपणा हा मुळात या देवाणघेवाणीवर उभा असतो. परका माणूस जेव्हा मजुरी देऊन घर शाकारून घेतो, तेव्हा त्याचे छप्पर गावासारखे दिसते खरे, पण तो त्या देवाणघेवाणीच्या बाहेरच राहतो.

अन्नाचेही तसेच. तेथले मुख्य अन्न कोदो आणि कुटकी ही हलकी धान्ये. त्यांची पातळ पेज दिवसभर पुरवायची, जोडीला रानातील कंद, भाज्या, ओढ्यातील मासे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागली की पहाटे अख्खे घर टोपल्या घेऊन झाडाखाली. ती फुले वाळवून खातात, त्यांची दारू गाळतात, आणि टंचाईच्या महिन्यांत तीच तारतात. बाहेरून आलेल्याला पेज काही दिवस रुचते. पण पोषण म्हणून तिच्यावर वर्षे काढणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यातून हिवतापाची भर. त्या काळी मैकलच्या डोंगरांत हिवताप घरोघरी होता आणि एल्विन यांना त्याने पुन्हा पुन्हा गाठले. औषध म्हणजे क्विनाइन. मंडळाने दवाखाना चालवला, शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. एल्विन आणि शामराव डॉक्टर नव्हते. तरी खरूज, ताप, जखमा यांवर साधे उपचार वेळेवर मिळाले तरी पुष्कळ होते, इतकी त्या भागाची उपेक्षा झाली होती.

पण येथेच परक्याच्या साधेपणाला पहिला तडा जातो. १९३२ साली एल्विन आजारी पडले तेव्हा ते इंग्लंडला गेले. परत येऊ देण्यापूर्वी सरकारने त्यांच्याकडून राजकारणात भाग न घेण्याची हमी लिहून घेतली. ती देऊन ते परतले. त्यांची निष्ठा यात दिसते, हे खरेच. पण त्याच सुमारास करंजियात तापाने फणफणलेल्या गोंडाला असे कोठे जाता येत होते? त्याला डोलीत घालून नेले तरी नेणार कोठवर? परक्याच्या घराला एक अदृश्य मागील दार असते. गावातल्या घराला ते नसते. एल्विन यांच्या कामाला मुंबईच्या आणि इंग्लंडच्या स्नेह्यांच्या देणग्या मिळत. पुढे ग्रंथलेखनातूनही थोडे उत्पन्न होई. हे पैसे ते स्वतःच्या सुखासाठी उधळत नव्हते. तरीही पैसा येण्याची वाट असणे हाच मोठा विमा असतो. अवर्षणाच्या वर्षी साधे राहणारा पाहुणा आणि उपाशी राहणारा यजमान यांच्यातील अंतर याच वाटेचे असते.

एल्विन जेव्हा आले तेव्हा त्यांच्या मनात साधेपणाची एक तयार मूर्ती होती. तिचा अर्धा भाग संत फ्रान्सिसचा, अर्धा गांधीजींचा. करंजियातील आश्रमाला त्यांनी संत फ्रान्सिसचेच नाव दिले होते. खादी, शाकाहार, ब्रह्मचर्य, प्रार्थना असा तो क्रम होता. परंतु ज्यांच्यात राहायचे ते लोक या अर्थाने साधे नव्हतेच. गोंड, बैगा, परधान यांच्याजवळ वस्तू थोड्या होत्या, पण त्यांच्या जीवनात विरक्ती नव्हती. त्यांना नाच हवा होता, करमा गात रात्र जागवायची होती, मण्यांच्या माळा आणि गोंदणे हवी होती. देवाला मोहाची धार घातल्यावाचून त्यांचे लग्न लागत नव्हते आणि मेलेल्याची पाठवणीही होत नव्हती. अशा लोकांना आश्रमाचा साधेपणा शिकवणे म्हणजे त्यांच्याजवळ जे थोडे होते तेही काढून घेणे, हे एल्विन यांच्या हळूहळू ध्यानात आले. ज्या मुलखात कापूसच पिकत नाही तेथे चरख्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, आणि ज्यांच्या धर्मात दारूला स्थान आहे त्यांच्यावर सरसकट दारूबंदी लादू नये, अशी मते ते मांडू लागले. आश्रमीय जीवनापासून ते दूर गेले. चर्चशी तर १९३५ मध्येच त्यांनी फारकत घेतली होती. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रोजनिशीवजा पुस्तकात करंजियाचे दैनंदिन जीवन आहे. त्यात उपदेशापेक्षा विनोद अधिक आहे, आणि तो बहुधा लेखकाच्याच फजितीवर आहे. परका माणूस गावात रुळू लागल्याची ही एक चांगली खूण मानावी.

मग गावाचे दारिद्र्य होते ते कशात? एल्विन यांचे या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या वीस वर्षांचे सार वाटते. दारिद्र्य वस्तूंच्या कमतरतेत नव्हते. वनावरचा हक्क गेला त्यात ते होते. बैगा लोक बेवर पद्धतीची शेती करीत. वनाचा तुकडा तोडायचा, वाळल्यावर जाळायचा, राखेत बी पेरायचे आणि काही वर्षांनी तो तुकडा पुन्हा वनाच्या स्वाधीन करून पुढे जायचे. धरती ही माता. तिच्या छातीवर नांगर चालवणे हे त्यांना पाप वाटे. सरकारच्या वनखात्याला ही शेती नासधूस वाटली. १८९० साली मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ आखून तेवढ्यापुरती ती ठेवली आणि बाकी ठिकाणी बंद केली. जोडीला अबकारी कायदा, वननाकेदार, बिगार, सावकार आणि कलाल. ज्याच्या पायाखालची जमीन, डोक्यावरचे झाड आणि हातातली कुऱ्हाड या तिन्हींवर दुसऱ्याचा हुकूम चालतो, त्याच्या झोपडीला साधी म्हणणे ही चेष्टा आहे. १९३९ साली आलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात एल्विन यांनी ही हकीकत विस्ताराने मांडली.

त्याच ग्रंथात त्यांनी बैगांसाठी राष्ट्रीय उद्यानासारखा एक राखीव प्रदेश असावा असेही सुचवले, आणि त्यावर गदारोळ उठला. मूळ मालवणचे आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली पुण्याच्या गोखले संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विचारसरणीचा कडक समाचार घेतला. आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत. त्यांना वेगळे ठेवणे म्हणजे मागे ठेवणे, असे त्यांचे म्हणणे. या वादात मी न्यायाधीश होऊ इच्छित नाही. एल्विन यांनीही पुढे आपली भूमिका सौम्य केली. परंतु साध्या राहणीच्या दृष्टीने घुर्यांच्या आक्षेपातील एक धागा मला मोलाचा वाटतो. बाहेरून आलेल्या माणसाला जे रमणीय वाटते ते तसेच टिकावे, असे त्याला वाटू लागते. आणि ज्यांनी ते जगायचे त्यांना मात्र कदाचित रस्ता हवा असतो, शाळा हवी असते, कौलारू छप्परही हवे असते. पाहुण्याने आपल्या साधेपणासाठी यजमानाला साधे राहण्याची सक्ती करू नये.

या गोष्टीचे सर्वांत दुखरे पान अजून उलगडायचे आहे. १९४० साली एल्विन यांनी कोसी या राजगोंड मुलीशी विवाह केला. ती त्यांच्याहून पुष्कळच लहान होती. त्या काळी एका इंग्रजाने गोंड रीतीने लग्न करावे, याचे अनेकांना अप्रूप वाटले. पण १९४९ साली कलकत्त्याच्या न्यायालयात तो विवाह संपुष्टात आला. एल्विन यांनी पुढे पाटनगढच्या लीला यांच्याशी संसार केला, तो टिकला. १९५४ साली ते शिलाँगला गेले, भारताचे नागरिक झाले, ईशान्य सीमाप्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार झाले, १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९६४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. कोसी मात्र आपल्या माणसांत मैकलच्या डोंगरांतच राहिल्या. त्यांच्या वृद्धापकाळातील हलाखीच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या तेव्हा एल्विन यांना जाऊन कित्येक वर्षे लोटली होती. आत्मचरित्रात या पहिल्या विवाहाविषयी एल्विन यांनी फार थोडे लिहिले आहे. जे लिहिले त्यात दुःख आणि अपयशाची कबुली आहे.

मी हे सांगतो ते कोणाची निंदा करण्यासाठी नव्हे. एल्विन यांच्याइतक्या प्रेमाने या डोंगरांकडे पाहणारे बाहेरचे लोक फार झाले नाहीत. परंतु मागील दाराचा उल्लेख मी मघाशी केला, त्याची पूर्ण किंमत येथे दिसते. परका माणूस साधा राहतो तेव्हा तो एकटा राहत नाही. गावातील माणसे त्याच्या आयुष्यात गुंततात. तो निघून जातो तेव्हा त्याचा साधेपणा संपतो, आणि मागे राहिलेल्यांचा चालूच राहतो. म्हणून परक्याच्या साधेपणाचा हिशेब तो कसा राहिला यावर बंद करता येत नाही. तो कसा गेला, हेही त्यात मांडावे लागते.

या संदर्भात शामराव हिवाळे यांची आठवण आपण मराठी माणसांनी विशेष ठेवायला हवी. एल्विन यांच्या कीर्तीच्या सावलीत त्यांचे नाव झाकले गेले. लोकगीतांची काही पुस्तके दोघांनी मिळून केली. १९४६ साली शामरावांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण त्यांचे खरे काम कागदावर नव्हते. औषध देणे, भांडणे मिटवणे, दारी आलेल्याचे गाऱ्हाणे ऐकून घेणे यांत त्यांचे दिवस गेले. एल्विन ईशान्येकडे गेले आणि शामराव पाटनगढलाच मागे राहिले. तेही या गावाला परकेच होते. पण मागील दार त्यांनी वापरले नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मराठ्यांच्या सत्तेबरोबर या नर्मदाखोऱ्यात आले. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपुष्टात आणले, हे आपण इतिहासाच्या तासाला शिकलो; ते राज्य कोणाचे होते याचा विचार मात्र क्वचितच केला. आपणही या मातीत परके म्हणूनच आलो. आपली भाषा जपली, शाळा काढली, गणेशोत्सव चालवले, आणि ते योग्यच केले. पण गोंडी भाषेचे दहा शब्द आपल्यातील किती जणांना येतात? एल्विन आणि शामराव यांनी मैकलमधल्या लोकांची बोली, गीते, कोडी कानात साठवली. गोव्यात सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रजानेही प्रथम लोकांची भाषा आत्मसात केली, म्हणून १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. परक्या मुलखात साधे राहण्याची पहिली सामग्री म्हणजे तेथली भाषा. तिला पैसा लागत नाही आणि तिच्यावाचून बाकी सारी सामग्री अडगळ ठरते.

अलीकडे शहरातील मंडळी निवृत्तीनंतर किंवा ऐन तारुण्यातही खेड्यात जाऊन साधे राहावे म्हणतात. आपले परदेशस्थ माजी विद्यार्थीही तसे बोलून दाखवतात. ही इच्छा चांगली आहे. तिला नाउमेद न करता, या कथेतून निघणाऱ्या चार गोष्टी त्यांच्यापुढे ठेवाव्याशा वाटतात. आधी भाषा शिकावी, मग जमीन पाहावी. घर तेथल्या हवामानाचे बांधावे आणि त्याच्या शाकारणीला शेजाऱ्याचे हात घ्यावेत, आपलेही द्यावेत. आपल्याजवळ मागील दार आहे, हे स्वतःपासून लपवू नये. ते आहे म्हणून आपला साधेपणा हा सद्गुणापेक्षा सवलत अधिक आहे, हे ओळखावे. आणि निघताना कोणाला उघड्यावर टाकून जात नाही ना, हे पाहावे.

पाटनगढ या गावाचे नाव पुढे आणखी एका कारणाने जगाला कळले. १९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले, आणि त्या सुमारास जनगढ सिंह श्याम हा पाटनगढचा परधान तरुण तेथे चित्रे काढू लागला. २००१ साली तो गेला, पण त्याच्या मागोमाग गावातील अनेकांनी कुंचले हाती घेतले. ज्या परधानांविषयी शामरावांनी लिहिले, त्यांनी आता स्वतःविषयी स्वतःच्या हाताने सांगायला सुरुवात केली होती. परक्याने कितीही प्रेमाने लिहिले तरी ते प्रास्ताविक असते. पुढचा भाषणाचा अधिकार गावाचा. तो अधिकार आला की पाहुण्याने खाली बसावे आणि ऐकावे. मीही तेच करतो.